थांबते कशी, ते बोला!

नवी गाडी घेतली की माणसाला तीन प्रश्नांची उत्तरं पाठ करूनच फिरावं लागतं. कितीला पडली? अॅव्हरेज किती देते? पिकअप कसाय? हल्ली त्यात चौथा प्रश्न सनरूफचा. पण ऑफिसच्या पार्किंगमध्ये पेढ्यांचा बॉक्स फिरत असताना ‘शंभरच्या स्पीडवरून ही किती मीटरमध्ये थांबते रे?’ असं कोणी विचारल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. विचारलंच कोणी, तर बॉक्स पटकन पुढच्या डेस्ककडे सरकेल!

शोरूममध्येही तीच कथा. या कॉलमच्या निमित्ताने मी एका वीकेंडला तीन शोरूम्स पालथ्या घातल्या. फॅमिली सेडान हवी आहे, बजेट मध्यम, घरात आई-बाबा, अधूनमधून पुणे-मुंबई, अशी साधी स्टोरी सांगितली. टचस्क्रीन किती इंचाची, सीट थंड होते की नाही, अँबियंट लाइटचे रंग किती... सगळं तोंडपाठ! मग मी विचारलं, ‘ब्रेकचं काय? शंभरवरून थांबायला किती अंतर लागतं?’ पहिल्याने ब्रोशर उलटंपालटं केलं. दुसऱ्याने सीनियरला बोलावलं. तिसरा मात्र अनुभवी होता. अगदी प्रेमाने म्हणाला, ‘मॅडम, कंपनी फिटेड ब्रेक सगळ्यांचे चांगलेच असतात हो. तुम्ही कलर बघा.’

गंमत म्हणजे तो बरोबर बोलत होता. म्हणजे, जवळजवळ बरोबर. आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच आजचा सगळा मामला आहे.

हा विषय डोक्यात शिरला तो एका मित्रामुळे. कॉलेजपासूनचा दोस्त, आता हिंजवडीत टीम लीड. घरी बायको, चार वर्षांची मुलगी आणि सहा वर्षं जुनी सेडान. आई-वडील ठाण्याला, त्यामुळे महिन्यातून दोन शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की एक्स्प्रेसवे. जुलैमधल्या अशाच एका शुक्रवारी, भुरभुर पावसात, पुढच्या टेम्पोचे लाल दिवे अचानक पेटले. याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण टेम्पो आणि बॉनेट यांच्यामध्ये जेमतेम एक स्कूटर आडवी मावेल एवढी जागा उरली होती. मागच्या सीटवरची मुलगी झोपेतून उठून रडायला लागली. बायको ठाणे येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना कळेल की हे ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

सोमवारी साहेबांचा मला मेसेज. ‘गाडीचे स्टॉक ब्रेक एकदम वीक आहेत. बिग ब्रेक किट टाकतोय. मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, लाल रंगाचे. तुझ्या ओळखीचं कोणी आहे का?’ सोबत किंमत. तो आकडा म्हणजे त्याच्या ईएमआयचे चार-पाच हप्ते.

आता मी काही मेकॅनिकल इंजिनिअर नाही. पण ऑटो पुरवण्यांसाठी चार वर्षं फ्रीलान्स लिहिल्यावर गॅरेजवाले, टायरवाले आणि ड्रायव्हिंग ट्रेनर यांच्याशी गप्पा मारायची सवय लागते, आणि थोडी आकडेमोड शाळेतल्या फिजिक्सवर निभावते. तेव्हा त्याला म्हटलं, पैसे टाकायच्या आधी एक रविवार मला दे.

आधी ब्रेकला ‘वीक’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. चार माणसं आणि सामान धरून सेडानचं वजन १,३०० किलो पकडा. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या या गाडीत जी ऊर्जा साठलेली असते, ती म्हणजे साधारण पाच लाख ज्यूल. आकडा कोरडा वाटतो? मग असं बघा, एवढ्या ऊर्जेत साधारण दीड लिटर गार पाणी उकळतं. सात-आठ जणांचा चहा! आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर ती सगळी ऊर्जा साडेतीन सेकंदांत ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. तुमची हीच गाडी शून्यावरून शंभरला पोचायला दहा-बारा सेकंद घेते. म्हणजे जे करायला इंजिनला दहा सेकंद लागतात, ते उलटं करायला ब्रेकला साडेतीन पुरतात. गाडीतला सगळ्यात ताकदवान पार्ट बॉनेटखाली नसतोच, तो चाकांच्या आत असतो. पिकअपच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे कधीतरी पार्टीत सांगून बघावं.

मग गाडी थांबायला इतकं अंतर का लागतं? कारण थांबण्याचं अंतर दोन तुकड्यांचं असतं आणि त्यातला पहिला तुकडा ब्रेकचा नसतोच, तो आपला असतो. समोर काहीतरी घडलं, ते डोळ्यांना दिसलं, मेंदूला पटलं, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर गेला... सावध माणसाला यात साधारण एक सेकंद जातो. शुक्रवार संध्याकाळच्या थकलेल्या माणसाला दीड. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे दीड सेकंदात ४२ मीटर. क्रिकेटची दोन पिचेस, ब्रेकला पाय लागायच्या आधी! त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, बऱ्या टायर्सवर प्रत्यक्ष ब्रेकिंगचे साधारण ५० मीटर. एकूण ९० च्या वर, म्हणजे साडेचार पिचेस. तोच वेग ८० असेल तर दोन्ही तुकडे मिळून ६५ मीटरच्या आसपास. रस्ता ओला असेल तर पकड घसरते आणि शंभरचा आकडा सहज १२० मीटरपर्यंत पोचतो.

८० आणि १०० मध्ये फरक काय, वीसच तर आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गणित, मला स्वतःला हलवून गेलेलं. दोन सारख्या गाड्या, एक ८० ने, एक १०० ने. दोघींनी रस्त्यावरच्या एकाच रेषेवर, सारख्याच जोराने ब्रेक मारला. ८०वाली जिथे पूर्ण थांबते, त्या जागी १००वालीचा वेग किती उरलेला असेल? वीस? तीस? उत्तर आहे ६०! थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. १०० चा वर्ग वजा ८० चा वर्ग, बरोबर ६० चा वर्ग. पायथागोरस साहेब दहावीनंतर पहिल्यांदाच कामाला आले. आणि हे दोघांनी एकाच रेषेवर ब्रेक मारला असं धरून. विचार करण्यात गेलेला दीड सेकंद मिळवला तर तो उरलेला वेग ७० च्याही पुढे जातो.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट पट्ट्यावर कारला १०० ची मर्यादा आहे. तिथे पुढच्या गाडीपासून आपण किती अंतर ठेवतो? मित्राला विचारलं तर म्हणाला, ‘दोन गाड्यांचं असेल.’ दोन गाड्या म्हणजे फार तर दहा मीटर. शंभरच्या वेगाला दहा मीटर म्हणजे सेकंदाचा साधारण एक तृतीयांश. एवढ्या वेळात पाय हलायलाही सुरुवात होत नाही. जगभर शिकवला जाणारा दोन सेकंदांचा नियम धरला तर हे अंतर ५५ मीटर हवं आणि पावसात त्याच्या दुप्पट. आता तुम्ही म्हणाल, एवढी जागा सोडली तर मध्ये तीन जण घुसतात. घुसतात! मी रोज बघते. घुसू द्यावं आणि पुन्हा मागे व्हावं, दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

ही झाली थिअरी. आता रविवारचं प्रॅक्टिकल.

मित्राच्या काकांच्या कारखान्याचं चाकणजवळ मोठं मोकळं आवार आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे वॉचमन आणि दोन कुत्री सोडून कोणी नसतं. परवानगी काढून सकाळी सात वाजता पोचलो. सोबत घर रंगवताना वापरतात तसली लांब टेप, खडू आणि थर्मासमध्ये चहा. वेग मुद्दाम फक्त ४०. कारण ४० वरही फंडा तोच असतो, फक्त चुकलं तर भिंत लांब असते. (हे रस्त्यावर, सोसायटीत किंवा मागून गाडी येऊ शकेल अशा ठिकाणी करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते.)

पहिली फेरी. खडूच्या रेषेवर मी हात खाली केला की त्याने फुल ब्रेक मारायचा. मारला. गाडी छान, सभ्यपणे थांबली. टेप लावली, रेषेपासून १७ मीटर. तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, ‘बघ! सांगितलं होतं ना, वीक आहेत!’

दुसरी फेरी. म्हटलं, आता पॅडलवर उभा राहिल्यासारखा दाब. या वेळी गाडीने नाक खाली घातलं, खडखडखड असा आवाज आला आणि... याने पाय उचलला. १३ मीटर. चेहरा पांढरा. ‘काहीतरी तुटलं बहुतेक. पायाखाली पॅडल धडधडत होतं.’

सहा वर्षं गाडी चालवून या माणसाने आपल्या गाडीचं एबीएस पहिल्यांदा अनुभवलं होतं! चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस त्या चाकावरचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतं आणि पुन्हा धरतं, त्याची ती धडधड. काही तुटत नाही. उलट, तुमचं काम संपलं, आता फक्त दाबून ठेव आणि स्टिअरिंग सांभाळ, असा तो निरोप असतो. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं हे तंत्र आलं, आपल्याकडे २०१९ पासून नव्या कार्सना ते सक्तीचं झालं. पण शिकाऊ लायसन्सपासून पक्क्या लायसन्सपर्यंतच्या प्रवासात एकदा तरी ते वाजवून दाखवायची सक्ती कुठेच नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाले आठचा आकडा काढून घेतात, रिव्हर्स शिकवतात, पण जोरात ब्रेक मारायला शिकवत नाहीत. हा माझा जुना राग आहे, आज निघाला.

तिसरी फेरी. ‘धडधडलं तरी पाय काढायचा नाही. आजी हाक मारतेय असं समज आणि दाबून ठेव.’ (त्याची आजी अशी होती की तिने हाक मारली की हातातलं सोडून पळावं लागे, हा आमचा कॉलेजातला जोक.) धडधड झाली, पाय तिथेच राहिला. टेप लावली. ९ मीटर!

गाडी तीच. ब्रेक तेच. टायर तेच. १७ चे ९ झाले ते पायामुळे. आमचा प्रयोग काही लॅबमधला नाही. रेषा दिसल्यापासून पाय दाबेपर्यंतचा वेळ, स्पीडोमीटरचा फरक, सगळं त्यात मिसळलेलं आहे, शिवाय तिसऱ्या वेळी तो तयारीत होता. पण हा प्रकार फक्त माझ्या मित्रापुरता नाही. मर्सिडीजने नव्वदच्या दशकात सिम्युलेटरवर लोकांना बसवून पाहिलं तेव्हा त्यांच्याही हेच लक्षात आलं होतं, की संकटात बहुतेक लोक ब्रेक पटकन दाबतात पण पुरेसा जोरात दाबत नाहीत. त्यातूनच १९९६ मध्ये त्यांनी ब्रेक असिस्ट आणला. पाय ज्या वेगाने पॅडलवर आला त्यावरून गाडी ओळखते की ही इमर्जन्सी आहे आणि उरलेला जोर स्वतः लावते. आज आपल्या बाजारातल्या सिटी, व्हर्नासारख्या सेडानच्या वरच्या व्हेरियंट्समध्ये एडीएएस मिळतं, म्हणजे कॅमेरा बघतो आणि गरज पडली तर गाडी आपणहून ब्रेक लावते. चांगलीच गोष्ट आहे. पण दहा मीटरवर चिकटून चालणाऱ्याला कॅमेराही नवे मीटर काढून देऊ शकत नाही.

आता त्या लाल कॅलिपरकडे येऊ. तिसऱ्या फेरीत एबीएस वाजलं, याचा अर्थ काय? चाक लॉक करण्याइतका जोर कंपनीच्या ब्रेककडे आधीच होता, एबीएसला तो कमी करावा लागला. म्हणजे कमी पडले ते टायर, ब्रेक नव्हे. अशा गाडीला दुप्पट मोठे ब्रेक लावले तर काय होईल? एबीएस जरा आधी वाजेल. बस्स. कात्रजच्या एका टायरवाल्या दादांनी मला हे एका वाक्यात समजावलं होतं. ‘ताई, ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर.’ चार टायर मिळून रस्त्याला जेवढे टेकतात ती जागा म्हणजे जेमतेम चार तळहात. सगळं काही त्या चार तळहातांवर.

‘पण मागे ड्रम आहेत ना!’ हा मित्राचा पुढचा मुद्दा. बरोबर आहे, आपल्याकडच्या बऱ्याच सेडानना मागे ड्रमच येतात. डिझायरला आहेत, पाचव्या पिढीच्या पेट्रोल सिटीलाही. त्याच सिटीच्या हायब्रिडला मात्र चारही डिस्क. २०२२ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस दीड लिटरच्या १५० पीएस टर्बो इंजिनासह आल्या, तेव्हाही मागे ड्रम बघून हौशी मंडळींनी नाकं मुरडली होती. कंपन्या यात पैसे वाचवतात हे खरं. पण ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात, हेही तितकंच खरं. एकदाच, जोरात थांबायचं असेल तर मागचे ड्रम फार आड येत नाहीत. डिस्कचा खरा फायदा पुन्हा पुन्हा ब्रेक मारावा लागतो तिथे, कारण ती उघडी असते आणि लवकर गार होते. थोडक्यात काय, शोरूममध्ये चारही डिस्क मिळत असतील तर जरूर घ्या. पण आहे त्या गाडीचे ड्रम काढून फेकू नका.

आणि ‘पुन्हा पुन्हा’ म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट आठवते. घाट!

लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि खोपोली शंभरच्याही आत. बोरघाट उतरताना तुमची १,३०० किलोची गाडी पाचशेहून जास्त मीटर खाली येते. त्यात जी ऊर्जा मोकळी होते ती म्हणजे शंभरच्या वेगावरून डझनभर वेळा पूर्ण थांबण्याइतकी. अर्थात सगळी ब्रेकवर येत नाही. काही हवा खाते, काही टायर, आणि बरीचशी इंजिन खाऊ शकतं, जर तुम्ही त्याला खाऊ दिली तर. न दिली तर पूर्ण घाटभर ब्रेक घासत राहतात, पॅड तापतात आणि तापलेल्या पॅडची पकड कमी होते. त्यापेक्षा वाईट प्रकार ब्रेक ऑइलचा. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळायला हवं असा दर्जा ठरलेला आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंश! ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पॅडल थेट तळाला जातं. सकाळी सोसायटीच्या गेटवर एकदम टाइट वाटलेला ब्रेक घाटाच्या शेवटी असा गायब होऊ शकतो.

म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. मित्राला विचारलं, शेवटचं कधी बदललंस? त्याने सर्व्हिसची बिलं काढली. परफ्युम होतं, अंडरबॉडी कोटिंग होतं, एसी सॅनिटायझेशन तर दोनदा. ब्रेक ऑइल सहा वर्षांत एकदाही नव्हतं. सर्व्हिस सेंटरने विचारलं नाही, याने मागितलं नाही.

घाट उतरायचा जुना नियम एसटीच्या कोणत्याही ड्रायव्हरकाकांना विचारा. ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकवाल्यांनी डी सोडून मॅन्युअल मोड किंवा एल-एस जे काय असेल ते वापरावं, पॅडल शिफ्टर फक्त टशनसाठी दिलेले नसतात. आणि न्यूट्रल? पेट्रोल वाचतं म्हणून घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजूनही भेटतात, सुशिक्षित भेटतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गियरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं तरी जाळावंच लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही. इंजिनच बंद केलं तर आणखी कहर, कारण कारच्या ब्रेकला मदत करणारा बुस्टर इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक मारला की मदत संपली, पॅडल दगडासारखं होतं. पुणेकरांना नवले पुलाबद्दल सांगायला नकोच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्यांना ठोकरलं. इंधन वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांच्या तपासातून पुढे आल्याच्या बातम्या होत्या.

बिग ब्रेक किटला जागा नाहीच, असं मी म्हणत नाही. इंजिन ट्यून केलेली गाडी असेल, ट्रॅक डेला जायचं असेल, तर मोठी डिस्क जास्त उष्णता झेलते आणि दहाव्या वेळीही पहिल्या वेळेसारखी पकडते. तिथे तिचं काम आहे. पण हिंजवडी ते ठाणे हा ट्रॅक नाही. आणि एबीएस कंपनीने ज्या ब्रेकवर सेट केलंय तो बदलून कोपऱ्यावरच्या मॉडिफिकेशनवाल्याकडून वेगळा बसवणं, हे मला मुलगी मागे बसते त्या गाडीत करावंसं वाटणार नाही. स्वस्तातले डुप्लिकेट पॅड तर विचारूच नका. आणि हो, पाच स्टार असले की ब्रेकही पाच स्टार, असा एक गैरसमज असतो. क्रॅश टेस्टचे स्टार गाडी धडकल्यावर काय होतं यावर मिळतात, ती किती मीटरमध्ये थांबली ते मोजून नाही.

चहा संपता संपता मी टायरवरचे आकडे बघितले. प्रत्येक टायरच्या बाजूला शेवटी चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २११९ असेल तर २०१९ चा एकविसावा आठवडा. याचे चारही टायर गाडीबरोबर आलेले, म्हणजे सहा वर्षांचे. खाचांमध्ये बारीक आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथे टायर संपतो. याचे अजून संपले नव्हते, पुढचे दोन फारच जवळ आले होते. पण पावसात पाणी बाजूला फेकायचं काम या खाचाच करतात आणि माझ्या मते ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरने जुलैत एक्स्प्रेसवेवर जाऊ नये. शिवाय जुनं रबर कडक होतं. नखाने दाबून बघ म्हटलं, तर नखच दुखलं.

कोरड्या आवारात, ४० वर, हे टायर ९ मीटरमध्ये थांबले. ओल्या एक्स्प्रेसवेवर, टेम्पोच्या मागे, दहा मीटरचं अंतर ठेवून, ओल शोषलेलं ऑइल आणि अर्धवट दाबलेला पाय... स्कूटरएवढी जागा उरली हेच नशीब. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बायकोला यातलं किती सांगायचं?’ म्हटलं, सगळं सांग, आणि पुढच्या रविवारी तिला घेऊन ये. तीही गाडी चालवते, एबीएस तिनेही वाजवून बघायला हवं.

ती आली. पहिल्याच फेरीत ११ मीटर! साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

त्याच आठवड्यात चार नवे टायर पडले. किटच्या किमतीच्या निम्म्यातही नाही आणि टायरवाल्याने जुने घेऊन थोडे कमी केले ते वेगळे. ब्रेक ऑइल बदलायला तासभर लागला. निघालेलं जुनं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, मेकॅनिकने बाटलीत धरून दाखवलं. पुढचे पॅड निम्मे शिल्लक होते, ते तसेच ठेवले. लाल कॅलिपरचा विषय पुढच्या अप्रेजलपर्यंत लांबणीवर पडलाय. अगदीच राहवत नसेल तर कंपनीच्या कॅलिपरलाच लाल रंग मारून मिळतो, असं मी त्याला सुचवलंय.